बरणी ठेवा हं, आठवणीने

चेन्नई सोडायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर वही आणली. दोनशे पानी. नवरा महिनाभर आधीच पुण्याला नव्या नोकरीवर रुजू झाला होता आणि रोज फोनवरून "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे" अशी लाडीगोडी लावत होता. म्हणजे मैलापुरातला नऊ वर्षांचा संसार आवरायचा तो मी आणि माझ्या सासूबाईंनी. आता खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. याद्या करणं, खोक्यांवर नंबर घालणं, चार माणसांना कामाला लावणं मला मनापासून आवडतं. नवरा म्हणतो, तू लष्करात जायला हवं होतंस. मी म्हणते, लष्कराने विचारलं नाही.

सामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांना मी फोन केले. पहिल्यातल्या बाई इतक्या फाडफाड इंग्रजी बोलल्या की त्या सामान नेणार आहेत की माझी मुलाखत घेणार आहेत, तेच कळेना. दुसऱ्या कंपनीचा माणूस प्रत्येक प्रश्नाला "नो प्रॉब्लेम मॅडम" म्हणायचा. फ्रीज? नो प्रॉब्लेम. काचेचं कपाट? नो प्रॉब्लेम. जिन्याला वळण आहे, लिफ्ट नाही, तिसरा मजला? नो प्रॉब्लेम. इतका निष्काळजी माणूस मला चालणार नव्हता.

तिसरा फोन एग्मोरच्या एका ऑफिसात लागला. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये पत्ता सांगत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची चौथी शिट्टी झाली. मी रिसीव्हरवर हात ठेवून, म्हणजे मला वाटलं की ठेवलाय, ओरडले, "आई, अहो गॅस बंद करा!" पलीकडून एक पुरुषी आवाज अगदी सावकाश म्हणाला, "आधीं गॅस बंद होऊं द्या. मग सांगा. घाई नाहीं."

मराठी! पण कसली मराठी. शब्द आपलेच, वळण जुन्या पोथ्यांतलं आणि सूर चक्क तमिळ, वाक्याच्या शेवटाला झोका देणारा. ते गृहस्थ तंजावरकडच्या मराठी घराण्यातले निघाले. कितीतरी पिढ्या तिकडेच गेलेल्या. मला इतका आनंद झाला की मी दर न विचारताच "तुम्हीच या" म्हणून टाकलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मराठी बोलतो म्हणून त्याचा ट्रक कमी हादरणार आहे का?" मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ते सामान बघायला आले. कंपनीचे सुपरवायझर. पन्नाशीचे, कडक पांढरा शर्ट, खांद्यावर हिरव्या चौकड्यांचा टॉवेल. तांबरमहून लोकलने आले होते, घामाने डबडबलेले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांना पाणी दिलं. "घरी मराठीच बोलता?" असं विचारलं.

"होय अम्मा. आईशीं मराठी, बायकोशीं मराठी. लेकी ऐकतात मराठी, उत्तर देतात तमिळमध्यें. आणि मला लिहितां येत नाहीं, बोलणें तेवढें आहे."

ते आत कपाटं मोजायला गेले तसं आई माझ्या कानाशी लागल्या, "अगं, हा माणूस पोथीतून उठून आलाय." पण त्यांना तो आवडला होता. आईंना कुणी आवडलं की त्या लगेच काहीतरी खायला काढतात. त्यांनी चिवडा काढला.

चिवडा खाता खाता त्यांनी कंपनीचे नियम सांगितले. गॅसची टाकी नेत नाहीत. तेल, तूप, लोणची, पातळ असं काहीही नेत नाहीत. सांडलं तर सगळ्या सामानाचं मातेरं होतं.

"लोणचंसुद्धा नाही?" आईंचा चेहरा पडला.

"नाहीं अम्मा. कंपनीस चालत नाहीं." त्यांचाही पडला.

हे लक्षात ठेवा, कारण त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

आता बरणीचं सांगते. ती मूळची समोरच्या बिऱ्हाडातल्या मामींची. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, दोनेक किलो लोणचं मावेल एवढी. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मामी ती बरणी घेऊन आल्या. अंगाने काटकुळ्या, कानात कुड्या, तोंडभर हसू. बरणीत मागाळीचं लोणचं होतं. मागाळी म्हणजे एक मूळ असतं, ते ताकात मुरवतात. आईंनी झाकण उघडलं, हुंगलं आणि मामींच्या तोंडावर, हसतमुखाने, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "अगं बाई! ढेकूण चिरडल्यासारखा वास येतोय!" मामींना वाटलं कौतुक चाललंय. त्याही हसल्या. ज्यांनी तो वास घेतलाय ते आईंना दोष देणार नाहीत. आणि ज्यांनी ते लोणचं दहीभाताबरोबर खाल्लंय त्यांना हेही पटेल की आठ दिवसांनी आई चोरून बरणीत चमचा घालायला लागल्या.

बरणी तळाला गेली आणि एक दिवस मामी दारात उभ्या. मी शाळेत शिकवायला गेलेली, घरात आई एकट्या. मामींनी आईंकडे बघून, आतल्या दिशेला हात करून विचारलं, "जाडी? जाडी?"

तमिळमध्ये अशा बरणीला जाडी म्हणतात हे आईंना काय ठाऊक! आई अंगाने चांगल्या भरलेल्या. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या धुमसत होत्या. "माझ्या दारात येऊन मला जाडी म्हणाली! आणि स्वतः बघ, फुंकर मारली तर जिन्यावरून खाली जाईल!" मी चौकशी करून आले आणि खरा अर्थ सांगितला, तेव्हा आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसले. म्हणाल्या, "बिचारी भांडं मागायला आली होती. आणि आपण रिकामी बरणी अडकवून ठेवली."

पण लगेच परत कशी करणार? आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेची चिमूट का होईना, आत काहीतरी घालायचंच. आईंनी लिंबाचं गोड लोणचं घातलं, मुरू दिलं आणि मग बरणी समोर नेऊन दिली. मामींनी चाखून बघितलं आणि डोळे विस्फारले, "तित्तिप्पा?" गोड? लोणचं आणि गोड? पण त्यांच्या यजमानांनी चार दिवसांत अर्धी बरणी फस्त केली म्हणे. आणि रिकामं भांडं परत न करण्याची रीत त्यांच्याकडेही निघाली. झालं. मागाळी इकडे, लिंबू तिकडे, कैरी इकडे, मेतकूट तिकडे, अशी ती बरणी नऊ वर्षं समोरासमोरच्या दोन दारांतून ये-जा करत राहिली.

दोघींना एकमेकींची भाषा अशी कधी आलीच नाही. आईंचं तमिळ म्हणजे "वेंडाम" आणि "पोदुम", म्हणजे नको आणि पुरे. मामींचं मराठी म्हणजे "नको", "बस" आणि "ठेवा". हा शेवटचा शब्द कसा आला, तर मामी दोन्ही हातांत काहीतरी घेऊन यायच्या आणि आई ओट्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ठेवा, ठेवा." मामी बरोब्बर तिथे ठेवायच्या. दोघी एकमेकींना मामी म्हणत. दुपारी दोन वाजता एक मामी मराठीत बोलायची आणि दुसरी तमिळमध्ये, आणि तासाभराने दोघींना दोन्ही घरांतलं सगळं कळलेलं असायचं. मी विचारायचे, "कसं कळतं हो तुम्हाला?" आई म्हणायच्या, "तुला नाही कळायचं. तुला भाषा येते ना."

पुण्याचं ठरलं तेव्हा बरणी आमच्याकडे होती, म्हणजे पाळी आईंची. नवऱ्याच्या नोकरीचं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यांनी तळ्याजवळच्या बाजारातून पातळ सालीची लिंबं आणवली. बारा दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. घर सोडायचं म्हणून त्या रडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत, मला वाटलं किती शहाण्या आहेत. मग एका दुपारी लोणचं ढवळता ढवळता म्हणाल्या, "एकदा ही भरून तिच्या हातात दिली की माझं इथलं काम झालं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याहून पुन्हा कोण येतंय?" आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तेव्हा मला कळलं की त्या लोणच्यापायी एवढं काय चाललं होतं. त्यांना निरोप घ्यायचा होता आणि तो त्यांना बोलून घेता येणार नव्हता. बरणीच काय ते बोलणार होती.

बांधाबांध दोन दिवस चालली. सुपरवायझर आणि त्यांची चार माणसं. काय सुरेख काम! कपबशीला कागद, कागदावर फुगेवालं प्लास्टिक, मध्ये गवताचा भुसा. जाड्या पाठीचा आमचा टीव्ही त्यांनी असा गुंडाळला की मला त्याचा हेवा वाटला. मी स्टुलावर बसून खोक्यांवर नंबर घालत होते आणि वहीत उतरवत होते. सुपरवायझर त्यांच्या कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत वेगळं उतरवत होते. दर अर्ध्या तासाला आम्ही दोघं ताळा करायचो. अठ्ठावन्न खोकी. एकाचाही फरक नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मामींबरोबर देवळात निघाल्या, शेवटचं दर्शन म्हणून. रात्री आम्ही दोघी मामींकडेच जेवणार, झोपणार आणि सकाळी गाडी पकडणार, असं ठरलेलं. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, तोंडाला पांढरं फडकं बांधून तयार. निघताना आई तिच्याकडे बोट करून सुपरवायझरांना म्हणाल्या, "ही बरणी तेवढी ठेवा हं, आठवणीने. जपून."

त्यांनी बरणीकडे बघितलं, आईंकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ठेवतों अम्मा. मी स्वतः ठेवतों, माझ्या हातानें. कोणास सांगूं नका."

मी तिथेच होते. दोन हातांवर. "कोणास सांगूं नका" हे मी ऐकलं आणि मला वाटलं, त्यांच्या जुन्या मराठीत असं म्हणत असतील, काळजी करू नका अशा अर्थी. आणि मी खोकं क्रमांक एकेचाळीसवर आकडा घातला.

चार वाजता सगळं भरून झालं. ट्रकची दारं लावत होते. आई तोंड धुऊन, चांगलं लुगडं नेसून स्वयंपाकघरात गेल्या. आणि आतून हाक आली, "अगं, बरणी कुठाय?"

खिडकीत बरणीच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता.

मी तीन मजले कसे उतरले ते मला आठवत नाही. सुपरवायझर खाली ट्रकपाशी उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, जशी काही मी आभार मानायलाच आलेय. "ठेवली की बाई! अगदीं आंत, केबिनच्या मागें. तिथें धक्का कमी. कंपनीस चालत नाहीं, म्हणून यादींत लिहिलें नाहीं. पण अम्मा एवढें बोलल्या, मग नाहीं कसें म्हणावें?"

माझं डोकंच सटकलं. "अहो, ठेवा म्हणजे ठेवा!"

"ठेवली बाई!"

"तिथे नाही! इथे! इथे ठेवा!"

"इथें?" ते ट्रककडे बघायला लागले.

"ट्रकमध्ये नाही हो! घरात! ठेवा म्हणजे नेऊ नका!"

अख्खी गल्ली गॅलऱ्यांत आली होती. सुपरवायझर तोंडातल्या तोंडात "ठेवा... ठेवा..." असं दोनदा पुटपुटले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी क्वचित पाहिलाय. तिथे मी थांबायला हवं होतं. पण राग माझ्या नाकावर असतो आणि जीभ त्याच्या पुढे. मी म्हणाले, "मराठी नीट येत नाही तर बोलायचं कशाला?"

हे मी त्यांना म्हणाले. ज्यांच्या घरी इतक्या पिढ्या ती भाषा कुणी न मागता सांभाळली, त्यांना. आजही ते वाक्य आठवलं की मला कानकोंडं होतं.

त्यांनी ड्रायव्हरला दारं उघडायला लावली आणि आपल्या माणसांना तमिळमध्ये सांगितलं, उतरवा. फ्रीज खाली आला. कपाट खाली आलं. ड्रायव्हर आरडाओरडा करायला लागला की पाचनंतर या रस्त्यावर ट्रक दिसला तर पोलिस सोडणार नाहीत. ती चार माणसं सकाळपासून तीन मजले चढउतार करून पिळून निघाली होती. तरी मुकाट्याने उतरवायला लागली. बरणी सगळ्यात आत होती, म्हणजे सगळा ट्रक रिकामा करायचा.

तेवढ्यात आई आल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. त्यांच्या गुडघ्यांना तीन मजले म्हणजे शिक्षा. त्यांनी रस्त्यावरचा फ्रीज बघितला, त्या माणसांचे ओले शर्ट बघितले.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "भरा परत."

"आई, अहो पण बरणी—"

"एका बरणीपायी माणसांचे हाल करू नयेत." मग सुपरवायझरांकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी झाली. मी 'इथेच राहू द्या' म्हणायला हवं होतं." सुपरवायझरांनी नुसते हात जोडले. खांद्यावरचा टॉवेल तेव्हा तिथे नव्हता, मला दिसलं, पण मी रागात होते. मान वर न करता कागदांवर सह्या केल्या आणि ट्रक गेला.

वर आल्यावर आई रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. समोरचं दार उघडं होतं, मामींच्या कॉफीचा वास येत होता.

"चला ना आई. वाट बघताहेत त्या."

"रिकाम्या हातांनी कशी जाऊ गं?"

मी म्हणाले, खालून चांगली मिठाई आणते. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली! "नऊ वर्षांत मी तिला विकतचं दिलं नाही. आज जाताना देऊ?" आणि मग त्या रडल्या. हमसून, लहान मुलीसारख्या. माझी दोनशे पानी वही माझ्या हातात होती आणि तिचा कुणालाही उपयोग नव्हता.

कॉफी निवायला लागली म्हणून मामीच बघायला आल्या. मी माझ्या तमिळमध्ये सांगितलं सगळं. ठेवा, ट्रक, लिंबू, पुणे. मामी तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मग आईंच्या शेजारी फरशीवर बसल्या. बराच वेळ दोघी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग मामींच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.

"जाडी उंगकिट्टे," त्या म्हणाल्या. जाडी तुमच्याकडे. त्यांनी आईंच्या छातीवर बोट टेकवलं. "अप्पो नींग दान वरणुम." मग यायचं तुम्हीच.

बरोबरच होतं. ज्याच्याकडे बरणी, त्याने जायचं. नऊ वर्षांचा नियम. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण आईंनी मला हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला. कॉफी पार गार होईल."

ट्रक पुण्याला आठव्या दिवशी पोचला. एकेचाळीस नंबरच्या खोक्यावर इंग्रजीत 'जुने कपडे' असं लिहिलेलं होतं. आत कापूस, कापसात प्लास्टिक, आणि प्लास्टिकच्या आत बरणीला घट्ट गुंडाळलेला हिरव्या चौकड्यांचा टॉवेल. एक थेंब सांडला नव्हता. मी तो टॉवेल मांडीवर घेऊन खोक्यांच्या ढिगात बसून राहिले. त्या माणसाने माझ्या सासूचं लोणचं स्वतःच्या खांद्यावरच्या कपड्यात गुंडाळलं होतं आणि मी त्याला मराठी शिकवत होते.

त्याच दुपारी एग्मोरला फोन लावला. माफी मागितली. ते म्हणाले, "नाहीं बाई, माझी मराठी जुनी आहे. कधीं कधीं चुकते."

"चुकली नव्हती," मी म्हणाले. "ठेवा म्हणजे ठेवाच."

पुण्यात आईंनी त्या बरणीला कुणाला हात लावू दिला नाही. नवऱ्याने एकदा फोड मागितली तर चापट बसली. "माझी नाहीये ती. तिची आहे." मग गुडघे, मग मोतीबिंदू, मग पुन्हा गुडघे. दीड वर्ष गेलं. लिंबं काळी झाली, रस मधासारखा दाट झाला. मला वाटलं, राहिलंच आता. आणि ऐन दिवाळीत आई म्हणाल्या, "मार्गळीत जाऊ या." मार्गळी म्हणजे तिकडचा थंडीचा महिना, मैलापुरात सभांमधून, म्हणजे तिकडच्या संगीत मंडळांतून, रोज गाणं असतं. गाण्यातलं आईंना ओ की ठो कळत नाही. पण मामी त्यांना दर वर्षी न्यायच्या.

गाडीत सबंध वेळ बरणी आईंच्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, यात काय आहे? आई म्हणाल्या, "मैत्रिणीची बरणी आहे." मैत्रीण हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मामींनी दार उघडलं. आईंकडे बघितलं, बरणीकडे बघितलं आणि ओरडल्या, "जाडी!"

पुण्यात आईंचं वजन आणखी वाढलं होतं. "हो, हो," आई धापा टाकत म्हणाल्या, "दोन्ही जाड्या आल्या!" आणि एकमेकींचे हात धरून दोघी दारातच हसत, रडत उभ्या राहिल्या. बरणी दोघींच्या मध्ये, मी खालून हात लावून धरलेली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं.

एक दिवस मी एग्मोरला जाऊन टॉवेल परत करून आले. धुऊन, इस्त्री करून. अर्थात रिकामा नाही, आत आईंच्या हातचे बेसनाचे लाडू बांधून. सुपरवायझरांनी गाठ सोडून बघितलं आणि लाडू काढून ठेवले. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

निघायच्या दिवशी मामींनी बरणी घासूनपुसून, मागाळीचं लोणचं भरून बाहेर आणली. आई घाबरल्याच. "नको मामी, नको, वेंडाम. आता मला नाही हो होणार परत. ठेवा." आणि मामींच्याच ओट्याकडे बोट दाखवलं. "ठेवा."

"ठेवा," मामींनी मान डोलावली. आणि बरणी आमच्या पिशवीत ठेवली.

"अहो, ठेवा म्हणजे—"

"ठेवा," मामी म्हणाल्या आणि पिशवीची चेन लावली.

नऊ वर्षं या शब्दाला मामींनी आईंचं बोट असेल तिथेच वस्तू ठेवली होती. एकदाही चुकल्या नव्हत्या. मी आईंकडे बघितलं. त्यांनाही ते कळलं होतं. गाडी सुटेपर्यंत त्या "लबाड आहे, लबाड" एवढंच म्हणत होत्या आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हत्या.

पुण्याला आल्यावर आठवड्याभराने सुपरवायझरांचा फोन आला, लाडू घरीं सर्वांस आवडले म्हणून. मग विचारलं, "आणि जाडी? दिली की?"

"दिली. आणि फिरून आमच्याच पिशवीत आली." मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

"मग ठेवा, बाई," ते म्हणाले, आणि पलीकडे खट्ट झालं. बरणी ठेवा म्हणाले की फोन ठेवा म्हणाले, देव जाणे.

आई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले गं?"

"ठेवा म्हणाले."

"ठेवा म्हणे! काही ठेवायची नाही. पुढच्या मार्गळीचं तिकीट कधी मिळतं ते बघ आधी." आणि आत जाता जाता वळून म्हणाल्या, "आणि लिंबं आण. पातळ सालीची."